पेठेतून पेट्टैत: चेन्नईतले नऊ दिवस

चेन्नईला सुट्टी घालवायला जाणार, असे सांगितल्यावर ओळखीच्या बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: "आणि तिथून पुढे?" महाबलीपुरम, पुदुच्चेरी, तिरुपती किंवा थेट रामेश्वर, असे काहीतरी उत्तर त्यांना अपेक्षित असावे, कारण चेन्नई म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण, हा आपल्याकडचा रूढ समज आहे. माझाही तोच होता. मात्र गेल्या नाताळच्या सुट्टीत मी आणि माझी सांगलीची मोठी बहीण अशा दोघी नऊ दिवस त्याच शहरात राहिलो, शहराची हद्द एकदाही ओलांडली नाही, आणि तरीही ठरवलेल्यापैकी एक वस्ती पाहायची राहिलीच.

ही कल्पना सुचली ती नकाशावरून. मी पुण्यात नारायण पेठेत वाढले, त्यामुळे कुठल्याही नावाच्या शेवटी "पेठ" दिसली की नजर तिथे अडते. चेन्नईच्या नकाशावर सैदापेट, तेनांपेट, रायपेट्टा, सौकारपेट, चिंताद्रीपेट, वॉशरमनपेट अशी रांगच लागलेली होती. हे "पेट" म्हणजे तमिळमधले पेट्टै, बाजाराभोवती किंवा एखाद्या धंद्याभोवती वसलेली वस्ती, म्हणजे अर्थाने आपली पेठच. सौकारपेटमधला सौकार हा आपला सावकार. वॉशरमनपेट हे वण्णारपेट्टैचे इंग्रजांनी केलेले अर्धेमुर्धे भाषांतर. वण्णार म्हणजे परीट, आणि ईस्ट इंडिया कंपनी विलायतेला पाठवत असलेले कापड धुऊन शुभ्र करून देणारे लोक त्या भागात राहत. चिंताद्रीपेटचे मूळ "चिन्न तरी पेट्टै", लहान मागांची पेठ. कंपनीने १७३४ च्या सुमारास विणकरांसाठी ती मुद्दाम वसवली. पुण्यात पेठांना वारांची आणि पेशवाईतल्या माणसांची नावे मिळाली आणि धंद्यांची नावे तांबट आळी, बुरुड आळी अशा आळ्यांच्या वाट्याला आली. इथे पेठांनीच धंद्यांची नावे लावलेली होती. पेट संपली की "पाक्कम" आणि "ऊर" सुरू होत होते, नुंगंबाक्कम, कोडंबाक्कम, पेरंबूर, आणि इंग्रजीत एग्मोर झालेले एळुंबूर. एवढी गावे एकमेकांना येऊन भिडली आहेत, तर ती एकेक करून पाहावीत, असे मी ताईला सुचवले. रोज एक वस्ती, वस्तीच्या आत पायी, दोन वस्त्यांच्या मध्ये बस किंवा लोकल, आणि रिक्षा फक्त ताईचे गुडघे कुरकुरू लागले तर, असा करार झाला. ताईने त्यात टी. नगरमधल्या साड्यांचे एक कलम घालून घेतले.

मुक्कामासाठी आम्ही मैलापूर निवडले, आणि ती निवड योग्य ठरली. कंपनीने किल्ल्यासाठी वाळूचा पट्टा मिळवला तो १६३९ मध्ये. मैलापूर त्याच्या कितीतरी शतके आधीचे. तमिळमध्ये मयिल म्हणजे मोर. पार्वतीने मोराच्या रूपात शंकराची आराधना केली ती जागा ही, अशी कथा आहे, आणि कपालीश्वराच्या देवळात त्या प्रसंगाचे छोटे देऊळही आहे. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या होत्या. सगळी गल्ली त्यांना "मामी" म्हणत असे, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून आमच्याही त्या मामीच झाल्या. भाजीवाला ताईला "अक्का" म्हणत होता आणि ताई त्याला "अण्णा". दोघांनाही आपण परभाषेत बोलतो आहोत असे वाटण्याचे कारण नव्हते, कारण हे दोन्ही शब्द सांगलीतही रोज ऐकू येतात.

आम्ही गेलो तो मार्गळी महिना होता. डिसेंबरच्या मध्यापासून पोंगलपर्यंतचा हा सौर महिना तिकडे फार पवित्र मानतात, आणि तो पाहायचा तर पहाटे पाचला उठणे भाग असते. या महिन्यात वैष्णव देवळांत आंडाळ या संत कवयित्रीची तिरुप्पावै म्हणतात. तिची तीस पदे आणि महिन्याचे तीस दिवस, त्यामुळे रोज एक पद हा हिशेब ठरलेला आहे. पहिल्या पहाटे गल्लीत उतरलो तेव्हा पाच-सहा घरांसमोर बायका वाकून कोलम काढत होत्या. आपली ठिपक्यांची रांगोळी मला येते, म्हणून मी जरा आगाऊपणेच शेजारी जाऊन उभी राहिले, आणि दोनच मिनिटांत गोंधळले. आपण ठिपके रेघांनी जोडतो. मामींच्या कोलममध्ये रेघ एकाही ठिपक्याला शिवत नव्हती. ती प्रत्येक ठिपक्याला वळसा घालून, स्वतःला ओलांडत, बराच प्रवास करून जिथून निघाली तिथेच परत येत होती. मध्ये शेणाचा छोटा गोळा आणि त्यात खोचलेले भोपळ्याचे पिवळे फूल. पीठ तांदळाचे, म्हणजे मुंग्यांचीही सोय. मी घरी येऊन वहीत तीन वेळा तो नमुना काढून पाहिला आणि तिन्ही वेळा माझी रेघ मध्येच अडकली.

कपालीश्वराचे ३७ मीटर उंचीचे पूर्वेकडचे गोपुर, पश्चिमेचे विस्तीर्ण तळे आणि देवळाभोवती चारही बाजूंनी जाणारे, "माड" नावाने ओळखले जाणारे रस्ते हे मैलापूरचे मर्म. माड रस्त्यांवर पूजेचे साहित्य, पितळेची भांडी, बाहुल्या, केळीची पाने आणि गजरे यांची दुकाने एकाला एक लागून आहेत. पहाटे या रस्त्यांवरून भजनाची दिंडी निघते. दिंडी हा माझा शब्द, पण टाळ, झांजा आणि पुढे चाललेले अनवाणी म्हातारे पाहिल्यावर मला दुसरा सुचला नाही. सध्या मेट्रोच्या कामासाठी या भागात जागोजागी पत्रे उभे केले आहेत आणि देवाचा रथ जातो त्या रस्त्याचीही त्यातून सुटका झालेली नाही. हे काम संपल्यावर मैलापूरला यावे, असा सल्ला मला कुणी दिला असता तर मी कदाचित ऐकलाही असता. न ऐकल्याचे आता समाधान आहे.

मार्गळी म्हणजे संगीताचा हंगामही. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने संगीत परिषद झाली आणि तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. त्यानंतर डिसेंबर महिन्यात शहरभरच्या सभांतून, म्हणजे संगीत संस्थांतून, सकाळपासून रात्रीपर्यंत गाणे चालण्याची रीत पडली. तिकडे मैफलीला "कच्चेरी" म्हणतात. मैलापुरातून समुद्राकडे जाणाऱ्या एका रस्त्याचे नाव कचेरी रोड आहे, आणि तिथे गाण्याचे सभागृह असेल अशा समजुतीने आम्ही निघालो होतो. तो रस्ता मात्र आपल्याच कचेरीचा, सरकारी कामकाजाचा निघाला.

गाण्याची एकच आठवण इथे सांगते. मामींनी आम्हांला एका सकाळी हरिकथेला पाठवले. भाषा तमिळ, अधूनमधून संस्कृत, त्यामुळे आम्हांला कथा साधारण कळत होती ती रामायण माहीत असल्यामुळे. मध्येच बुवांनी चाल बदलली आणि ताईने माझा हात दाबला. ती साकी होती. थोड्या वेळाने दिंडी झाली, वृत्तातली. तंजावरला १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, तिथे महाराष्ट्रातून कीर्तनकार जात असत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या कीर्तनाच्या वळणावर तमिळ हरिकथेला आजचे रूप दिले, हे मी वाचलेले होते. साकी, दिंडी, ओवी आणि अभंग ही नावेही तिकडे तशीच टिकली आहेत. वाचलेले असणे वेगळे. शाळेतल्या कवितेच्या तासाला शेवटचे ऐकलेले वृत्त परक्या भाषेत, मृदंगाच्या साथीने, भरल्या सभागृहात पुन्हा ऐकणे वेगळे. तंजावरच्या मराठ्यांची आठवण आपल्याकडे निघते ती बहुतेक वेळा सांबाराच्या दंतकथेपुरती. संभाजी महाराजांच्या नावावरून सांबार, ही गोष्ट सांगायला गोड आहे, पण तिच्यामागे भक्कम पुरावा दिसत नाही; साकी-दिंडीला मात्र तो आहे, आणि तिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

नाताळच्या दिवशी आम्ही सांथोमला गेलो. येशूच्या बारा शिष्यांपैकी थॉमस हा भारतात आला आणि त्याचे दफन इथे झाले, अशी परंपरा आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात थडग्यावर चर्च बांधले आणि आज दिसते ती पांढरीशुभ्र, टोकदार मनोऱ्याची इमारत १८९६ मधली. गर्दी इतकी होती की आत जायला तासभर लागला. बायका कांजीवरम नेसून आणि केसांत गजरे माळून आल्या होत्या, चपला बाहेर काढून ठेवलेल्या होत्या, आणि ताईने सवयीने घंटा शोधली. कपालीश्वराचे मूळ देऊळ समुद्राकाठी इथेच कुठेतरी होते आणि पोर्तुगीजांच्या काळात ते नष्ट झाले, असे मानतात. आजचे देऊळ त्यानंतर आतल्या बाजूला बांधलेले आहे. दोन्ही वास्तूंमध्ये जेमतेम वीस मिनिटांची चाल आहे.

दुसऱ्या दिवशी २६ डिसेंबर होता. समुद्रावर जायचे ठरलेले होतेच, पण तारखेचा अर्थ आम्हांला पट्टिनपाक्कमला पोहोचल्यावर कळला. तिथल्या कोळ्यांच्या बायका किनाऱ्यावर ओळीने उभ्या होत्या आणि लाटांमध्ये दूध ओतत होत्या, फुले सोडत होत्या. २००४ साली याच दिवशी त्सुनामी आली होती. कुणी भाषण करत नव्हते. एक बाई एकटीच गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभी होती आणि तिच्या मागे एक पोरगा तिच्या चपला हातात धरून थांबला होता. आम्ही लांब वाळूत बसून राहिलो.

तिथून उत्तरेकडे पसरलेली मरीना पाहताना मुंबईकर माणूस चक्रावतो. सुमारे सहा किलोमीटर लांब आणि सरासरी तीनशे मीटर रुंद वाळू. रस्त्यावरून उतरल्यावर पाण्यापर्यंत पोहोचायलाच चांगला वेळ लागतो. पण ही वाळू जुनी नाही. मुंबईला निसर्गाने बंदर दिले, मद्रासला दिले नाही. किनारा उघडा, सरळ आणि लाटांचा मारा सतत. जहाजे खोल पाण्यात उभी राहत आणि माणसे, माल, घोडे, सगळे मसुला नावाच्या होड्यांतून लाटा फोडत किनाऱ्यावर येत असे. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेच्या तडाख्याने होडी फुटण्याऐवजी लवत असे. अखेर १८७६ च्या सुमारास समुद्रात दगडी बांध घालून कृत्रिम बंदर बांधायला सुरुवात झाली; १८८१ च्या वादळाने त्याची पार मोडतोड केली, तरी ते पुन्हा बांधले. या किनाऱ्यावर वाळू वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बांध आडवा आला, वाळू दक्षिणेला अडून साठू लागली आणि समुद्र मागे हटला. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी १८८४ मध्ये तिथे फिरण्याचा रस्ता केला आणि मरीना हे नाव दिले. म्हणजे हा प्रसिद्ध किनारा बंदराच्या कामातून अजाणता तयार झालेला आहे. उत्तरेकडे काय झाले, ते आम्हांला पुढे रायपुरमला दिसले.

मरीनाच्या मागे त्रिप्लिकेन, तमिळमध्ये तिरुवल्लिक्केणी. तिथे जायला आम्ही तिरुमयिलै स्थानकावरून उंचावरची लोकल पकडली. ही लोकल बकिंगहॅम कालव्याच्या डोक्यावरून धावते. १८७७-७८ च्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी या कालव्याचा शहरातला भाग खणला आणि त्यातून एके काळी मालाच्या होड्या चालत. आता खिडकी लावून बसणे शहाणपणाचे. त्रिप्लिकेनमध्ये पार्थसारथीचे देऊळ आहे, पल्लवांच्या काळातले, आठव्या शतकातले. इथला कृष्ण अर्जुनाचा सारथी आहे म्हणून त्याला भरघोस मिशा आहेत, आणि उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर भीष्माच्या बाणांचे व्रण आहेत. बासरी नसलेला, व्रण असलेला, संसारी वाटणारा हा कृष्ण मला फार आवडला. देवळाजवळच कवी सुब्रमण्य भारती यांचे घर आहे. देवळातल्या हत्तीला भारती नेहमी नारळ खाऊ घालत. १९२१ मध्ये त्याच हत्तीने त्यांना इजा केली, आणि त्यातून उठल्यावरही प्रकृती साथ देईना, तेव्हा त्याच वर्षी सप्टेंबरात वयाच्या अडतिसाव्या वर्षी ते गेले.

त्याच वस्तीत १७९५ ची वालाजा मशीद आहे, अर्काटच्या नवाबांच्या घराण्याने बांधलेली, लाकूड न वापरता राखाडी दगडात उभी केलेली. रमजानमध्ये इथे उपवास सोडण्यासाठीचे अन्न गेली कित्येक वर्षे मैलापुरातल्या एका सिंधी संस्थेचे हिंदू स्वयंसेवक वाढतात. वस्तीत "मॅन्शन" नावाची एक खास गोष्ट आहे: एकट्या नोकरदार पुरुषांसाठी खोल्यांचे मजल्यावर मजले, गॅलरीत वाळत घातलेल्या लुंग्या, आणि खाली खाणावळी. आपल्या गिरगाव-परळच्या खानावळींचे आणि गाळ्यांचे दिवस संपले. त्रिप्लिकेनचे अजून चालू आहेत. दुपारी आम्ही १९४८ पासून चालू असलेल्या रत्ना कॅफेत सांबार-इडली खाल्ली. इडलीवर सांबार वाढत नाहीत, ओततात. इडली दिसेनाशी होते, आणि पुन्हा दिसू लागली की वाढपी पुन्हा ओततो. ताईच्या मते ही इडली नव्हे, सांबारात पोहायला सोडलेला पदार्थ आहे. तिने दोन बशा खाल्ल्या.

जॉर्ज टाऊनला आम्ही दोन दिवस दिले आणि ते कमी पडले. सुरुवात सेंट जॉर्ज किल्ल्यापासून करायची म्हणून आम्ही २६ तारखेलाच, समुद्रावरून परतताना, तिथे गेलो होतो. शुक्रवार होता आणि शुक्रवारी तिथले संग्रहालय बंद असते, हे आधी पाहायला हवे होते. किल्ल्यातले १६८० चे सेंट मेरी चर्च तेवढे पाहिले. रॉबर्ट क्लाइव्हचे लग्न १७५३ मध्ये याच चर्चमध्ये लागले. किल्ल्याला लागून उत्तरेला पूर्वी देशी लोकांची वस्ती होती, तिला इंग्रज "ब्लॅक टाऊन" म्हणत. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतले आणि तीन वर्षांनी ते इंग्रजांना परत मिळाले. तटाला चिकटलेल्या घरांच्या आडोशाने शत्रू किल्ल्यापर्यंत येतो, हा धडा घेऊन ती वस्ती पाडून टाकण्यात आली, तोफांच्या माऱ्यासाठी मैदान मोकळे ठेवले आणि लोकांना त्यापलीकडे नवी वस्ती करावी लागली. मैदानाची हद्द दाखवण्यासाठी १७७३ मध्ये उभारलेल्या दगडी खांबांपैकी एक आजही पॅरीज कॉर्नरच्या इमारतीपाशी आहे. आम्ही तो विचारत विचारत शोधला. रोज हजारो माणसे ज्या चौकातून बस पकडतात तिथे तो भिंतीजवळ गुपचूप उभा आहे. पाडलेल्या जुन्या वस्तीच्या जागेवर १८९२ मध्ये हायकोर्टाची लाल इमारत झाली, तिच्या घुमटावर दीपगृहही बसवले, आणि २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री एमडेन या जर्मन युद्धनौकेने शहरावर तोफा डागल्या त्या प्रसंगाची पाटी तिच्या आवाराच्या भिंतीवर आहे. नव्या वस्तीला पुढे राजा पंचम जॉर्जच्या नावाने जॉर्ज टाऊन म्हणू लागले.

इथे धंदा गल्लीगल्लीने बदलतो. अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, गोडाऊन स्ट्रीटवर घाऊक कापड, नैनियप्पा नायकन स्ट्रीटवर रसायने. वास बदलला की गल्ली बदलली असे समजावे. आर्मेनियन स्ट्रीटवर १७७२ चे आर्मेनियन चर्च आहे. आत शिरताच बाहेरचा गोंगाट गळून पडतो. अंगणात थडग्यांच्या फरश्या आणि चाफ्याची झाडे. जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक १७९४ मध्ये याच मद्रासमध्ये छापले गेले आणि त्याचे संपादक हारुत्युन श्मावोन्यान याच आवारात विसावले आहेत. ज्यांच्या व्यापाराने ही गल्ली उभी केली त्या लोकांची वस्ती आता इथे उरलेली नाही, गल्लीला नाव तेवढे राहिले.

तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ देवळात जायचे, हे ताईचे पहिल्यापासून ठरलेले होते. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी छत्रपती शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले, असा उल्लेख देवळात लावलेला आहे. दक्षिण दिग्विजयाचे ते वर्ष. जिंजी त्याच मोहिमेत स्वराज्यात आली, आणि महाराजांनी मद्रासच्या इंग्रजांकडून औषधी खडे व विषावरचे उतारे मागवले होते, तेही इंग्रजांनी किंमत न घेता पाठवले, हे त्यांच्या दप्तरात नमूद आहे. दर्शनाची परंपरा आणि दप्तरातली नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी ताईला सांगू लागले. "तू इतिहास नंतर तपास, आधी रांगेत उभी राहा," असे तिचे उत्तर आले. रांगेत पुढच्या बाईंनी आम्ही कुठल्या, ते विचारले. पुणे म्हटल्यावर त्यांनी हसून महाराजांच्या तसबिरीकडे बोट दाखवले आणि आम्हांला पुढे जाऊ दिले.

देवळातून पश्चिमेला सरकले की सौकारपेट लागते, आणि कानांवरची तमिळ अचानक हिंदी-मारवाडी होते. मिंट स्ट्रीटवर, म्हणजे टांकसाळीच्या रस्त्यावर, राजस्थान-गुजरातकडून आलेल्या सराफांच्या आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. इथे पावाऐवजी दोन चकल्यांच्या मध्ये काकडी, टोमॅटो आणि चटणी घालून "मुरुक्कु सँडविच" विकतात. सावकारांच्या पेठेत मारवाडी हातांनी तमिळ चकलीचे सँडविच करावे, यावर मी काही भाष्य करणार होते, पण तोंड भरलेले होते.

टी. नगरविषयी थोडक्यात. ताईने तिचे कलम पुरेपूर वसूल केले. रंगनाथन स्ट्रीटवरच्या गर्दीत आपण चालत नाही, वाहतो. मला तिथे साड्यांपेक्षा जमिनीचीच गोष्ट अधिक रंजक वाटली: १९२० च्या दशकात मैलापूरचा लाँग टँक नावाचा विस्तीर्ण तलाव बुजवून त्या जागेवर ही वसाहत आखली आणि पिट्टी त्यागराय चेट्टी या जस्टिस पक्षाच्या नेत्याचे नाव तिला दिले. पश्चिम मांबलममध्ये आजही लेक व्ह्यू रोड आहे, त्यावरून फक्त समोरच्या इमारती दिसतात. पुण्यात सारसबागेच्या जागी तळे होते आणि आपण तिथल्या गणपतीला अजून तळ्यातला गणपती म्हणतो. पण तिथे निदान बाग झाली. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर असा परतीचा मोसमी पाऊस जोर धरतो तेव्हा पाणी आपली जुनी जागा शोधत येते, आणि मग लोक रस्ते तुंबले म्हणून तक्रार करतात. परतताना रिक्षात पुढच्या काचेवर रजनीकांतचे चित्र होते. आम्ही मराठी आहोत असे कळताच चालकाने मागे वळून, रस्ता सोडून, त्या चित्राकडे बोट करत "शिवाजीराव गायकवाड! मराठी!" असे मोठ्या आनंदाने सांगितले. भाडे मात्र त्याने ठरल्यापेक्षा तीस रुपये जास्तच घेतले.

शेवटचा पूर्ण दिवस रायपुरमचा. बंदराच्या उत्तरेची ही वस्ती प्रवाशांच्या यादीत सहसा नसते. रायप्पर हे सेंट पीटरचे तमिळ नाव, आणि त्याच्या नावाचे इथले चर्च होड्या वल्हवणाऱ्या लोकांनी स्वतः बांधले. लाटांतून माल आणणाऱ्या त्या मसुला होड्यांची माणसे इथेच राहत होती. बंदर झाले आणि त्यांचा धंदा बसला. जवळच १९१० ची अग्यारी आहे, तमिळनाडूतली एकमेव. आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहिली. रायपुरमचे रेल्वे स्थानक मात्र मनसोक्त पाहिले. दक्षिणेतली पहिली प्रवासी गाडी इथून १ जुलै १८५६ रोजी सुटली. बोरीबंदरचे १८५३ चे मूळ स्थानक केव्हाच नाहीसे झाले, रायपुरमची खांबांची इमारत अजून उभी आहे. फलाटावर आमच्याशिवाय एक कुत्रे होते.

मग समुद्राकडे गेलो. पण समुद्रकिनारा नव्हता. रस्ता, त्याला लागून काळ्या दगडांचा ढीग आणि दगडांवर आदळणारे पाणी. बांधाने मरीनाकडे वाळू अडवली, तिचा उत्तरेकडचा पुरवठा तुटला आणि समुद्र इकडे वर्षानुवर्षे जमीन खात राहिला. घरे, रस्ते वाचवण्यासाठी शेवटी हे दगड टाकावे लागले. पुढे कासिमेडूच्या मासळी बंदरापर्यंत आम्ही दगडांच्या कडेने चालत गेलो. चहाच्या टपरीवरच्या आजोबांना हिंदी येत नव्हते. त्यांनी हातानेच दाखवले: आधी पाण्यात लांबवर बोट, मग दोन्ही तळहात जमिनीवर थापटल्यासारखे, आणि मग पुन्हा पाण्याकडे बोट. इथपर्यंत घरे होती, असे ते सांगत होते. ताईने त्यांना खुणेनेच विचारले, तुमचेही? त्यांनी मान हलवली आणि चहाचे पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी सेंट्रलवर गाडीची वाट पाहताना ताईने हिशेब मांडला: साड्या चार, कापीची पूड दोन किलो, पितळेचा एक फिल्टर, मामींनी दिलेली कोलमच्या पिठाची पुडी. मी वस्त्यांची यादी काढली. चिंताद्रीपेटवर खूण नव्हती. ज्या नावावरून हा सगळा प्रवास सुरू झाला ती मागांची पेठ सेंट्रलपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर होती, आणि गाडीला पन्नास मिनिटे होती. मी सामानाकडे पाहिले, ताईने माझ्याकडे पाहिले. "पुढच्या मार्गळीत," ती म्हणाली आणि पिशवीतून मामींनी बांधून दिलेला दहीभात काढला.